जावाचा क्लीनर: जाळी म्हणून चांगला, झाडू म्हणून नको

जावा ९ ने २०१७ साली ऑब्जेक्ट नष्ट होण्याआधी चालणाऱ्या फायनलाइझ मेथडवर डेप्रिकेटेडचा, म्हणजे 'यापुढे वापरू नका'चा, शिक्का मारला आणि क्लीनर हाती दिला. ऑब्जेक्ट गार्बेज कलेक्टरच्या (नको असलेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणाऱ्याच्या) तावडीत सापडला की त्याच्याकडचं सॉकेट, फाइल किंवा नेटिव्ह (जावाबाहेरची) मेमरी सोडायची, एवढंच याचं काम. फायनलाइझपेक्षा तो सरस आहेच. तिथे मरायला टेकलेला ऑब्जेक्ट स्वतःला एखाद्या स्टॅटिक फील्डमध्ये टाकून पुन्हा जिवंत व्हायचा. इथे आत फँटम रेफरन्स आहे, त्यामुळे सफाईच्या वेळी मूळ ऑब्जेक्ट मिळतच नाही.

क्लीनर एकच बनवा आणि लायब्ररीभर तोच वापरा, कारण प्रत्येक क्लीनरमागे एक थ्रेड उभा राहतो. पुढे त्याच्या रजिस्टर मेथडला ऑब्जेक्ट आणि सफाईचं रनेबल, म्हणजे चालवायचा कोड, द्यायचं. खरी मेख या रनेबलमध्ये आहे. लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) लिहून त्यात ऑब्जेक्टचं एखादं फील्ड वापरलंत, की तो गुपचूप 'धिस', म्हणजे खुद्द तो ऑब्जेक्ट, धरून बसतो. क्लीनरने रनेबल धरलेलं, रनेबलने ऑब्जेक्ट; मग तो गोळा होणार कधी? एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसती गळती. सफाईचा कोड स्टॅटिक नेस्टेड क्लासमध्ये ठेवा आणि त्याला फक्त हँडल (फाइल किंवा मेमरीपर्यंत नेणारी खूण) द्या.

वेळेच्या बाबतीत मात्र याच्यावर विसंबू नये. कलेक्टर धावतो हीप (ऑब्जेक्ट ठेवायची मेमरी) भरत आला म्हणून. फाइल हँडल संपत आल्याचं त्याला सोयरसुतक नसतं. हीप निवांत आणि प्रोग्राम मात्र नवी फाइल उघडता येत नाही म्हणून कोसळलेला, असं सहज होतं. म्हणून क्लास ऑटोक्लोजेबल करा, क्लोजमधून रजिस्टरने परत दिलेल्या क्लीनेबलची क्लीन मेथड बोलवा आणि वापरणाऱ्याला ट्राय-विथ-रिसोर्सेस (ब्लॉक संपताच क्लोज आपोआप बोलवणारी रचना) वापरू द्या. सफाई फार तर एकदाच होते, त्यामुळे दुहेरी क्लोजची धास्ती नाही. क्लोज विसरणाऱ्यासाठीच क्लीनर.

क्लीनरच्या थ्रेडवर सफाईत एक्सेप्शन आलं तर ते गिळलं जातं, आणि एक सफाई रेंगाळली की मागच्या सगळ्या ताटकळतात. सिस्टिम.एक्झिटच्या वेळी सफाई होईलच याची हमी नाही. पायथॉनचा वीकरेफ.फायनलाइझ इथे उजवा; प्रोग्राम नीट संपताना तो उरलेली सफाई आपणहून उरकतो.

नेटिव्ह हँडल वापरणाऱ्या मेथडमध्ये आणखी एक सापळा आहे. हँडल लोकल व्हेरिएबलमध्ये घेतल्यावर 'धिस' पुढे लागत नसेल, तर मेथड चालू असतानाच जेआयटी (प्रोग्राम चालताना काम करणारा कंपायलर) ऑब्जेक्ट बेवारस ठरवू शकतो आणि हातातलं हँडल बंद होतं. त्यासाठी फायनली ब्लॉकमध्ये रेफरन्स.रीचेबिलिटीफेन्सला 'धिस' द्या, म्हणजे तिथपर्यंत ऑब्जेक्ट जिवंत राहतो.