एकाच वर्गाच्या दोन डच विनाशिका

मे १९४० मध्ये नेदरलँड्सवर जर्मन आक्रमण झाले, तेव्हा ‘आयझॅक स्वेअर्स’ आणि ‘खेरार्ड कालेनबुर्ख’ या दोन्ही डच विनाशिकांचे बांधकाम अपुरेच होते. पहिली ओढून इंग्लंडला नेण्यात आली आणि साउदॅम्प्टनला पूर्ण झाली. मात्र तिच्यावर मूळ आराखड्यातील १२० मिलिमीटरच्या पाच तोफांऐवजी १०२ मिलिमीटरच्या सहा ब्रिटिश तोफा बसल्या, आणि या तोफा विमानांवरही मारा करू शकत असल्याने, विमानांचा धोका पाहता ही तडजोड मला तोट्याची वाटत नाही. दुसरी डचांनी रॉटरडॅमला स्वतःच बुडवली होती. जर्मनांनी ती वर काढून ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘झेडएच १’ नावाने सेवेत घेतली. स्वेअर्सने डिसेंबर १९४१ मध्ये ट्युनिशियाच्या केप बॉन या भूशिराजवळ दोन इटालियन क्रूझर बुडवण्यात भाग घेतला; झेडएच १ मात्र ९ जून १९४४ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळच्या चकमकीतच संपली. स्वेअर्सही नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी बुडाली होती.