‘लाइफ ऑन मार्स’: मँचेस्टरचं १९७३ न्यूयॉर्कला नेताना काय सांडलं

९ ऑक्टोबर २००८च्या गुरुवारी रात्री दहा वाजता अमेरिकेत दोन वाहिन्यांवर दोन नव्या मालिका सुरू झाल्या. दोन्ही ब्रिटिश मालिकांवरून केलेल्या, दोन्ही विज्ञानकथेच्या वळणाच्या. सीबीएसवर ‘इलेव्हन्थ अवर’ आणि एबीसीवर ‘लाइफ ऑन मार्स’. दोन्ही पहिल्याच हंगामात गुंडाळल्या गेल्या. ‘इलेव्हन्थ अवर’ची मूळ आयटीव्ही मालिका जेमतेम चार भागांची होती आणि पॅट्रिक स्टुअर्ट सोडला तर तिच्यात जपण्यासारखं फार नव्हतं, त्यामुळे ती इथेच सोडू. ‘लाइफ ऑन मार्स’ मात्र नीट पाहण्यासारखी आहे. तिच्यावर पैसा खर्च झालाय, नटसंच तगडा आहे, सत्तरीतलं न्यूयॉर्क मन लावून उभं केलंय. तरीही ती मूळ मालिकेच्या पासंगाला पुरत नाही, आणि का ते बोट ठेवून दाखवता येतं.

पुढे दोन्ही मालिकांचे शेवट उघड केले आहेत. मूळ मालिका पाहिली नसेल तर आधी ती पाहून या.

मूळ मालिकेची कल्पना मॅथ्यू ग्रॅहॅम, टोनी जॉर्डन आणि ॲश्ली फॅरो या तिघांना १९९८मध्ये सुचली. तेव्हा तिचं नाव ‘फोर्ड ग्रॅनाडा’ असं होतं. बीबीसीने ती नाकारली आणि बरीच वर्षं ती पडून राहिली. शेवटी कुडोस या कंपनीने बीबीसी वेल्ससाठी ती केली. जानेवारी २००६ ते एप्रिल २००७ या काळात आठ-आठ भागांचे दोन हंगाम झाले आणि तिथेच थांबले. सॅम टायलर (जॉन सिम) हा २००६मधला मँचेस्टरचा शिस्तीचा पोलीस अधिकारी. गाडीची धडक बसून तो पडतो आणि उठतो तो १९७३मध्ये. हुद्दा एका पायरीने खाली आलेला, डोक्यावर जीन हंट (फिलिप ग्लेनिस्टर) नावाचा दांडगा वरिष्ठ. मी वेडा झालोय, कोमात आहे की मागच्या काळात आलोय, हे तीनच पर्याय सॅम शीर्षकाच्या वेळी मांडतो. मालिका सोळा भाग त्या तिघांवरच उभी आहे.

अमेरिकी आवृत्ती दोनदा बनली. आधी डेव्हिड ई. केलीने ती लॉस एंजेलिसमध्ये घडवली. त्या पायलटचा (म्हणजे वाहिनीला दाखवायच्या नमुना भागाचा) दिग्दर्शक थॉमस श्लामी होता आणि जीन हंट होता कोम मीनी. वाहिनीचं समाधान झालं नाही. केली बाहेर पडला, जॉश ॲपलबॉम, आंद्रे नेमेक आणि स्कॉट रोझेनबर्ग आले, कथा न्यूयॉर्कला हलली, आणि सॅमची भूमिका करणारा जेसन ओमारा सोडून प्रमुख नट बदलले. हार्वे कायटेल जीन हंट झाला, मायकेल इम्पेरिओली आणि ग्रेचन मोल चौकीतले सहकारी रे आणि ॲनी. शहर बदलण्याचा निर्णय अगदी बरोबर होता. पहिल्या भागात ओमारा शुद्धीवर येऊन वर पाहतो आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे उभे दिसतात. एकही शब्द न बोलता आपण कधी आणि कुठे आहोत ते कळतं. मूळ मालिकेत याच जागी मोकळ्या पडीक जागेवर मँकुनियन वे या उड्डाणपुलाची जाहिरात करणारी पाटी आहे. (ती तपशिलात चुकलेली आहे, तो पूल १९६७मध्येच सुरू झाला होता.) या एका दृश्यात अमेरिकी मालिका मूळ मालिकेच्या पुढे जाते.

गाडी रुळावरून घसरते ती कायद्यापाशी. मूळ मालिकेचं इंजिन ‘पेस’ या नावाने ओळखला जाणारा १९८४चा पोलीस आणि फौजदारी पुरावा कायदा आहे. अटक, झडती, कोठडीतले तास, वकील, जबाबाचं ध्वनिमुद्रण, हे इंग्लंडमधले आजचे नियम त्या कायद्याने आणि त्याच्या नियमावलींनी बांधले. १९७३मध्ये तिथे ‘जजेस रूल्स’ होते. आरोपीला ताकीद द्यावी, असं त्यांत होतं, पण ती न्यायाधीशांनी घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं होती, कायदा नव्हे. त्यामुळे जीन हंट संशयिताला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत नेऊन बदडतो तेव्हा त्याच्या चौकीत कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. सॅम टेपरेकॉर्डर मागतो तर लोक हसतात. दोघंही आपापल्या काळाचे प्रामाणिक पोलीस आहेत आणि प्रत्येक भांडणाची ठिणगी तिथून पडते. शिवाय प्रेक्षकाला दोघांचंही थोडं थोडं पटतं, ही खरी गंमत.

अमेरिकेत मिरांडा निकाल १९६६चा. म्हणजे १९७३च्या न्यूयॉर्कमध्ये आरोपीला त्याचे हक्क वाचून दाखवणं सात वर्षांपासून बंधनकारक होतं. तिथला जीन हंट हात उगारतो तेव्हा तो जुन्या पद्धतीने वागत नसतो, चालू नियम मोडत असतो. २००८मधून आलेल्या सॅमला त्याला शिकवण्यासारखं नवीन काही उरत नाही, फक्त ‘असं करू नकोस’ म्हणता येतं. मूळ प्रसंग जसेच्या तसे उचलले की हे सारखं जाणवतं: संवाद तेच, पण खालची जमीन गेलेली.

न्यूयॉर्कला स्वतःची जमीन होती. शहराच्या पोलीस खात्यातल्या लाचखोरीवर नॅप आयोगाची चौकशी नुकतीच झाली होती. ही लाचखोरी उघड करणारा पोलीस फ्रँक सर्पिको याची साक्ष १९७१ची, अंतिम अहवाल डिसेंबर १९७२चा. प्रत्येक चौकीत कोण पाकीट घेतो आणि कोण तोंड उघडेल, ही धाकधूक होती. भविष्यातून आलेला एक स्वच्छ, अनोळखी अधिकारी अशा चौकीत येऊन बसला तर पहिल्या दिवशी सगळे त्याला खबऱ्या समजतील. मारहाणीपेक्षा हा संघर्ष न्यूयॉर्कमध्ये कितीतरी खरा वाटला असता. मालिकेचा भर मात्र दुसरीकडेच गेला.

हे अशक्य नव्हतं, कारण इतरांनी ते केलं. स्पेनच्या ‘ला चिका दे आयेर’ने (२००९) १९७७ निवडलं, फ्रँको जाऊन दोन वर्षं झालेली आणि लोकशाही उंबरठ्यावर. चेक टीव्हीने २०१७मध्ये कम्युनिस्ट राजवटीतलं १९८२ घेतलं. दक्षिण कोरियाने २०१८मध्ये सोल ऑलिम्पिकचं १९८८ घेतलं. कोरियन मालिका आपल्याकडे हौसेने पाहणाऱ्यांनी ती सोळा भागांची आवृत्ती जरूर पाहावी. आमच्या मते पुनर्निर्मितींमध्ये ती सर्वांत जमलेली आहे. या तिघांनी मूळ मालिकेचं वर्ष बाजूला ठेवलं आणि आपल्या देशातले पोलीस कधी बदलले ते शोधलं. अमेरिकेने १९७३ तसंच ठेवलं.

नटांबद्दल. ग्लेनिस्टर तेव्हा चाळिशीच्या सुरुवातीला होता, सिमपेक्षा सातच वर्षांनी मोठा. दोघं एकमेकांना भिंतीवर आपटतात तेव्हा कोण जिंकेल सांगता येत नाही, आणि पुढच्याच दृश्यात ते दारूच्या गुत्त्यात शेजारी बसलेले असतात. कायटेल त्या वेळी ६९ वर्षांचा होता. त्याची जरब आहे, पण ती वडीलधाऱ्याची. ओमारा त्याच्याशी भांडतो तेव्हा बरोबरीच्या दोघांची झुंज दिसत नाही, घरातली धुसफूस दिसते. शेवटी कथेत ते नातं खरंच बाप-लेकाचं निघतं, म्हणून निवड अगदी अस्थानी म्हणता येत नाही. पण त्या शेवटापर्यंत सोळा भाग काढायचे असतात. ग्रेचन मोलबद्दल मात्र तक्रार नाही. पुरुषांनी भरलेल्या चौकीत ॲनी जे गिळते ते ती मान किंचित वळवून, आवाज न चढवता दाखवते. संपूर्ण अमेरिकी आवृत्तीतलं सर्वांत नेमकं काम तिचं आहे.

भीती कुठून येते तेही पाहा. मूळ मालिकेत बाहुली आणि फळ्याजवळची छोटी मुलगी टीव्हीतून बाहेर येऊन सॅमशी बोलते. हे बीबीसीचं ‘टेस्ट कार्ड एफ’, कार्यक्रम नसताना १९६७पासून पडद्यावर दिसायचं ते चित्र. ब्रिटनमधल्या दोन पिढ्यांनी ते रिकाम्या दुपारी तासन्‌तास पाहिलेलं. आपल्याकडे दूरदर्शनच्या रंगीत पट्ट्या तशा मनात बसल्या आहेत, फक्त त्यात माणसाचा चेहरा नव्हता. अमेरिकेत या मुलीला कुणी ओळखत नाही, म्हणून तिथे छोटे यंत्रमानव आले. ते अनोळखीच राहतात. ओळखीची वस्तू अचानक बोलू लागली की अंगावर काटा येतो. अनोळखी वस्तू हलली की फक्त कुतूहल वाटतं.

त्या कुतूहलानेच पुढे घोळ केला. दुसऱ्या भागात अमेरिकी सॅम फळ्यावर खडूने यादी लिहितो: कोमा, कालप्रवास, अमली पदार्थ, परग्रहवासी आणि बरंच काही. ब्रिटिश मालिकेचे तीन पर्याय इथे लांबलचक यादी झाले. जानेवारी २००९च्या अखेरीस वाहिनीने मालिका ‘ग्रेज ॲनाटॉमी’नंतरच्या गुरुवारच्या जागेवरून उचलून बुधवारी ‘लॉस्ट’नंतर टाकली, म्हणजे कोडी सोडवायला बसलेल्या प्रेक्षकांसमोर. सॅम कुठे आहे, हा एकच प्रश्न मोठा होत गेला. मूळ मालिकेत त्याहून मोठा प्रश्न असा होता की सॅमला कुठे असावंसं वाटतं.

वेळेचाही फरक आहे. बीबीसीवर जाहिराती नाहीत, भाग जवळपास एक तासाचा. अमेरिकी वाहिनीवर तासाच्या जागेत ४२-४३ मिनिटं मिळतात, आणि दर काही मिनिटांनी जाहिरातीआधी एक धक्का द्यावा लागतो. मूळचा पहिला भाग त्यात बसवताना पंधराएक मिनिटं कापावी लागतात, आणि कापली जातात ती शांत दृश्यं: सॅम परक्या खोलीत एकटा बसलाय, रेडिओतून रुग्णालयातले आवाज येतायत. दोन्ही पहिले भाग लागोपाठ पाहिले तर कात्री कुठे फिरली ते लगेच कळतं.

आता शेवट. मूळ मालिकेत सॅम खरोखर २००६मध्ये जागा होतो. कामावर परततो. बैठकीत बसलेला असताना त्याचं बोट कापलेलं असतं, रक्त येत असतं, आणि त्याला काहीच जाणवत नाही. १९७३मध्ये गुत्त्यातल्या नेल्सनने त्याला सांगितलेलं असतं की जाणवतंय तोवर माणूस जिवंत. सॅम उठतो, पोलीस इमारतीच्या गच्चीवर जातो, धावतो आणि उडी घेतो. पहिल्या भागात याच माणसाला ॲनीने गच्चीच्या कडेवरून मागे बोलावलेलं असतं. वादग्रस्त शेवट आहे, त्यावर आजही हमरीतुमरी होते. पण तो सॅमचा निर्णय आहे आणि सोळा भागांनी त्याला तिथवर आणलंय.

१ एप्रिल २००९ला दाखवलेल्या अमेरिकी शेवटात सॅम मंगळाकडे निघालेल्या यानात जागा होतो. वर्ष २०३५. चौकीतले सहकारी म्हणजे यानातले अंतराळवीर, शेजारची विंडी म्हणजे यानाचा संगणक, जीन हंट म्हणजे वडील मेजर टॉम टायलर. लांबच्या झोपेत मन रमावं म्हणून दिलेल्या आभासी जगात सॅमने २००८मधला पोलीस व्हायचं निवडलेलं, उल्कावर्षावाने बिघाड होऊन १९७३ आलं. मंगळावर पाय पडतो त्यात पांढरा बूट, आणि मालिका संपते. मार्चच्या सुरुवातीलाच बंद होणार हे कळवून एबीसीने लेखकांना शेवट करायला वेळ दिला, ही त्यांची सभ्यता. सगळे धागे जुळतातही. पण जुळण्याची किंमत अशी की सतरा भागांतला एकही मेलेला माणूस खरा नव्हता, एकही गुन्हा घडला नव्हता, आणि सॅमला काहीच ठरवावं लागलं नाही. यंत्र बिघडलं, यंत्र दुरुस्त झालं.

पाहायचं कसं? आधी ब्रिटिश सोळा भाग, घाई न करता. मग हवं तर तिची पुढची मालिका ‘ॲशेस टू ॲशेस’, जिच्या २०१०मधल्या अखेरच्या भागात जीन हंटचं जग नक्की काय आहे याचं उत्तर मिळतं. अमेरिकी आवृत्तीचे पहिले दोन भाग, सॅमच्या वडिलांचा सातवा भाग आणि शेवटचा भाग एवढे पुरेत. ग्रेचन मोलसाठी जास्त पाहायचे असतील तर सलग न पाहता आठवड्याला एक पाहा, म्हणजे जाहिरातीआधीचे ठरावीक धक्के कमी टोचतील.