सात आसनी सीएनजी गाडी, घाट आणि कोकण किनारा: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गाडी कोणती ते आधी. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, कंपनीतूनच बसवून आलेलं सीएनजी किट, पाच गिअरची मॅन्युअल, तीन रांगा, डिकीत ६० लिटर पाणीक्षमतेचा (म्हणजे पाण्याने भरला तर ६० लिटर मावेल असा) सिलिंडर. मॉडेलचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना पुढचं सगळं थोड्याफार फरकाने लागू पडतं. वापर दहा महिन्यांचा, त्यात एक पावसाळा. रोजची शहरातली धाव वेगळी. इथे लिहितोय ते पुण्याहून कुटुंबासह घाट उतरून किनाऱ्याने फिरण्यापुरतं.

निकाल सुरुवातीलाच सांगतो. गाडी कोकणाला चालते, पण सहलीचं नियोजन सीएनजी गाडीचं म्हणून करायचं नाही. ते पेट्रोल गाडीचं म्हणून करायचं, आणि गॅस जिथे सहज मिळेल तिथे वापरायचा. हे उलटं केलं की अर्धी सहल पंपाच्या रांगेत जाते.

आता हिशेब. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात आठ ते नऊ किलो गॅस बसतो. नऊच्या वर काटा गेला तर नशीब समजायचं. भरताना दाबामुळे गॅस तापतो, पंपावर दाबाचा काटा २०० बार दाखवतो आणि गाडी गार झाली की तोच काटा खाली येतो. म्हणून पहाटे भरलेला गॅस दुपारी भरलेल्यापेक्षा जास्त भरतो. शिवाय ज्या पंपाला पाइपलाइन नाही, जिथे ट्रकवरच्या सिलिंडरांतून गॅस येतो (पंपावरचे लोक त्याला डॉटर स्टेशन म्हणतात), तिथे ट्रक रिकामा होत आला की दाब पडतो आणि सहा किलोवर मीटर थांबतो. रांगेत उभं राहण्याआधी ‘प्रेशर किती आहे?’ एवढं विचारावं. १७०-१८० सांगितलं तर पुढचा पंप बघायचा की नाही, हे तुमच्या पेट्रोलच्या काट्यावर ठरवा.

भरलेली गाडी, सहा माणसं, एसी आणि घाट-किनारा असा मिश्र रस्ता धरला तर किलोला २०-२१ किलोमीटर मिळतात. कंपनीचा २६ चा आकडा मोकळ्या महामार्गावर एकट्या चालकालाही जेमतेम मिळतो. म्हणजे एका भरण्यात साधारण १७५ किलोमीटर. पेट्रोलवर हीच गाडी अशा रस्त्याला लिटरला १४ च्या आसपास देते.

हा आकडा नकाशावर ठेवून बघा. पुणे, ताम्हिणी, माणगाव, हरिहरेश्वर हे सुमारे १७५. तिथून बागमांडल्याच्या जेट्टीवरून वेसवी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, दापोली हे ६०. दापोली ते दाभोळ २८. फेरीबोटीने धोपावे, पुढे गुहागर १७. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ ४०. पलीकडे जयगड, गणपतीपुळे २०, आरे-वारेने रत्नागिरी २५. परत येताना आंबा घाटाने कोल्हापूर १३० आणि पुणे २३०. बेरीज सव्वासातशे, मुक्कामाच्या ठिकाणचं फिरणं धरून सव्वाआठशे.

यात अडचणीचा तुकडा एकच: माणगावला मुंबई-गोवा महामार्ग सोडल्यापासून रत्नागिरी शहरापर्यंतचा. इकडेतिकडे धरून हे सव्वातीनशे किलोमीटर होतात. महामार्गाला गॅस आहे, रत्नागिरीत आहे. मधल्या किनाऱ्यावर पंप विरळ, आणि असलेल्या पंपावर गॅस असेलच असं नाही. म्हणून माणगाव-महाड पट्ट्यात सिलिंडर काठोकाठ भरायचा. त्यावर १७५ निघतात, उरलेले दीडशे पेट्रोलवर, म्हणजे ११ लिटर. घाटातली चढण आणि चुकलेला रस्ता धरून निघताना २० लिटर पेट्रोल हवंच. सीएनजीवाल्यांना पेट्रोलचा काटा शेवटच्या कांडीवर ठेवायची सवय असते, ती कोकणात महागात पडते. टाकीत जुनं पेट्रोल महिनोन् महिने पडू देऊ नये हे वेगळंच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं. आठवड्यात दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवली की पुढे ऐनवेळी गाडी अडखळत नाही.

गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, हे कुणी शोरूममध्ये सांगत नाही. पहाटे पाचला झोपलेली दोन मुलं आणि गुडघे दुखणारी आजी यांना उतरवून पुन्हा बसवायचं म्हणजे पाऊण तास गेला. त्यामुळे पहिलं भरणं आदल्या रात्री, एकट्याने, घराजवळ. दुसरं भरणं नाश्त्याच्या थांब्याला जोडून: मंडळींना मिसळीपाशी सोडायचं आणि चालकाने रांग धरायची.

घाटाविषयी. गॅसवर या इंजिनाची ताकद पेट्रोलपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असते; १०४ अश्वशक्तीची ८८ होते. सपाटीवर ते जाणवत नाही. सहा माणसं भरून साखरप्याकडून आंबा घाट चढताना लगेच जाणवतं. तिसऱ्यावर गाडी गुदमरते, दुसऱ्यावर ओरडते. उपाय सोपा आहे: चढ सुरू होण्याआधी, सपाटीवर असतानाच बटणाने पेट्रोलवर घ्या. गॅस संपत आलेला असताना घाटात शिरू नका. संपल्यावर गाडी आपोआप पेट्रोलवर जाते खरी, पण त्या क्षणाला बसणारा हलका हिसका वळणावर, पुढे ट्रक असताना नको असतो. संपूर्ण चढाला पेट्रोल लिटर-दीड लिटर जास्त जातं. ते जाऊ द्यावं.

ताम्हिणी उतरताना प्रश्न उलटा. पुण्याच्या बाजूने घाट हळूहळू येतो आणि मग निजामपूरकडे एकदम खाली सुटतो. सिलिंडर आणि किटमुळे गाडी पेट्रोलवाल्या भावंडापेक्षा ऐंशीएक किलोने जड असते, तेही बहुतेक मागच्या चाकांवर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत जळका वास येतो आणि पेडल मऊ लागतं. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या एसटी चालकांचा नियम इथे तंतोतंत लागू. वास आलाच तर रुंद जागी थांबून वीस मिनिटं गार होऊ द्या; चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते.

पावसाळ्यात ताम्हिणीला शनिवार-रविवार टाळा. तिथे दरडीपेक्षा गर्दीचा त्रास जास्त. वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवतात, नकाशा मात्र खुशाल तिकडून रस्ता दाखवतो. धुक्यात अप्पर लावणाऱ्यांना काय म्हणावं. समोर पांढरी भिंत उभी राहते आणि त्यांचंच त्यांना दिसत नाही.

सामान. हा या गाडीचा सर्वांत कच्चा भाग. तिसरी रांग उघडली की सिलिंडरच्या वर आणि पुढे मिळून दोन कापडी पिशव्या आणि पाण्याचा जार एवढीच जागा उरते. सात आसनी म्हणजे सात माणसं किंवा सामान, दोन्ही नाही. जमणारी मांडणी अशी: सहा माणसं, तिसऱ्या रांगेचा अर्धा भाग पाडलेला, त्यावर सामान. कडक बॅगा घरी, कापडी बॅगा बरोबर. जॅक आणि पाना सामानाच्या तळाशी गाडले जातात, ते आधी काढून पुढच्या सीटखाली ठेवा. स्टेपनी गाडीच्या पोटाला टांगलेली असेल तर निघण्याआधी एकदा घरी तिचा नट सैल करून बघा. खाऱ्या हवेने तो गंजून बसतो, आणि हे कळतं ते वेळासच्या रस्त्यावर अंधारात.

टपावर कॅरिअर घ्यावा का? महामार्गापुरता ठीक. गुहागर, केळशी, आंजर्ल्याच्या वाड्यांत रस्ता दोन गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) मधून जातो आणि वरून आंबा-काजूच्या फांद्या लोंबतात. टपावर दोन फूट उंच बोजा असेल तर तो ओरबाडून निघतो. शिवाय टपावरचं वजन वळणावर गाडी झुकवतं, आणि मागे बसलेल्यांना गाडी लागते. तशीही तिसऱ्या रांगेत गाडी लागायची शक्यता सर्वाधिक, कारण ती मागच्या चाकाच्या वर बसते आणि शेपटासारखी हलते. ज्याला गाडी लागते त्याला मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. घाटाआधी पोटभर मिसळ नको, हे वर लिहिलेल्या मिसळीच्या सल्ल्याला छेद देतं याची कल्पना आहे.

टायरमधली हवा भरल्या गाडीसाठी वेगळी असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीत दोन रकाने असतात, त्यातला भरल्या गाडीचा आकडा मागच्या चाकांना द्या. बहुतेकजण चारही चाकांना सरसकट ३३ ठेवतात. मग मागच्या टायरच्या कडा घासतात, गाडी बसकी होते आणि जेट्टीवर तिचं पोट लागतं.

जेट्टीचा मुद्दा नीट समजून घ्यावा. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींमुळेच किनाऱ्याची सहल शक्य होते. दाभोळची बोट चुकली तर दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर गाठायला सव्वाशेहून अधिक किलोमीटर पडतात. वरचा गॅसचा सगळा हिशेब तिथेच कोसळतो. शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी मुक्कामाच्या यजमानांना विचारून घ्या, ऋतूप्रमाणे ती बदलते. रविवारी दुपारी रांग मोठी असते. खाडीपाशी मोबाइलला रेंज नसली की क्यूआर कोडचा उपयोग शून्य, पाचशेचे सुटे जवळ हवेत.

बोटीची फळी धक्क्यावर टेकते तो उतार ओहोटीला तीव्र असतो, कारण बोट खाली गेलेली असते. जड शेपटाची, सहा माणसं बसलेली गाडी तिथे मागचा बंपर घासते. माणसं उतरवा, गाडी तिरकी न घेता सरळ आणि हळू घ्या, बोटीवर हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये इंजिन बंद करा. ओहोटी कधी ते कोकणातला कुणीही तिथीवरून सांगतो: तिथीला पाऊणने गुणा, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बोट गाठायला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सूर्यास्ताच्या बोटीला पाणी सर्वांत खाली. तो सुंदर सूर्यास्त आणि सर्वांत वाईट उतार एकाच वेळी येतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी. हेच गणित वाळूलाही लागू: गाडी वाळूत घालूच नये. जड मागचा भाग आधी रुततो आणि मग भरतीची वेळ कुणाला विचारत नाही.

नकाशातल्या वेळेवर विश्वास ठेवू नका. किनारी रस्त्यावर तासाला २५ ते ३० किलोमीटर धरा, बोटीला वेगळा पाऊण तास. दिवसाला १०० किलोमीटरपेक्षा जास्त ठेवलेत तर मुलांना समुद्र गाडीच्या काचेतूनच दिसेल.

पैसे किती वाचले? हिशेबासाठी गॅस किलोला ९० आणि पेट्रोल लिटरला १०५ धरलं, २०० किलोमीटर पेट्रोलवर आणि सव्वासहाशे गॅसवर. खर्च सुमारे ४२०० रुपये. सगळं पेट्रोलवर केलं असतं तर ६२००. म्हणजे एका मोठ्या सहलीमागे दोन हजार, सुरमई थाळ्यांच्या एका जेवणावळीएवढे. सीएनजी आवृत्तीसाठी लाखाच्या घरात जास्त मोजलेले पैसे सहलींतून वसूल व्हायला आयुष्य जाईल. रोज ५० किलोमीटर नोकरीची धाव असेल तरच घ्या. वर्षातून तीनदा कोकण आणि एरवी गाडी पार्किंगमध्ये, असं असेल तर साधी पेट्रोल घ्या आणि डिकी वापरा.

परत आल्यावर दोन कामं राहतात. पहिलं, त्याच आठवड्यात गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा. गॅसची नळी डिकीतून इंजिनापर्यंत खालूनच जाते, तिच्या पकडींवर मिठाचा थर बसतो. दुसरं, सिलिंडरच्या पट्टीवरची तारीख बघा. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (सिलिंडरची पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) लागते, आणि मुदत संपलेली असेल तर पंपवाला नळी लावत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी टेस्टिंग केंद्रांवर गाड्यांची रीघ लागते, म्हणून सप्टेंबरातच उरकावं.