नवऱ्याची दारू सोडवायची: सिव्हिल, निवासी केंद्र की मीटिंग?

'फक्त पुरुषांसाठी' अशी पाटी आहे, एवढ्यावरून नवऱ्यासाठी व्यसनमुक्ती केंद्र निवडू नका. आपल्याकडे बहुतेक निवासी व्यसनमुक्ती केंद्रं पुरुषांचीच असतात. २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के, तर बायका १.६ टक्के होत्या. तेव्हा पाटी सोडा, आत काय चालतं ते विचारा.

माणूस सकाळी उठल्या उठल्या घोट लागणारा असेल, हात थरथरत असतील, पूर्वी फिट आली असेल, तर आधी हॉस्पिटल. दारू एकदम तोडली की पहिल्या तीन-चार दिवसांत भास, बरळणं, फिट येऊ शकते, जिवावरही बेततं. यासाठी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा खाजगी मानसोपचारतज्ज्ञ. सिव्हिलचा खर्च परवडतो, पण रांग मोठी, आणि शरीरातली दारू उतरली की घरी पाठवतात. नाशिकला सातपूर-अंबडच्या कंपनीत असेल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर कामगार विमा रुग्णालयातही विचारा, आजारपणाच्या रजेचंही बघा.

निवासी केंद्राचा फायदा त्यापुढचा: पिणाऱ्या मित्रांपासून लांब महिना-दीड महिना. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, तिथला कार्यक्रम ३५ दिवसांचा. नाशिकहून दोनशे किलोमीटर, पण अंतराचा उपयोगही होतो. रोज कुणी 'चल रे' म्हणायला येत नाही. फक्त पुरुषांच्या गटात एक गोष्ट खरंच सोपी जाते. कर्ज, बायकोवर उचललेला हात, दारूने आलेला अंथरुणातला कमीपणा, हे बाप्ये चारचौघात बोलत नाहीत, बायकांसमोर तर नाहीच. पण गटाला समुपदेशक नसेल, नुसतं कोंडून ठेवून भजन-कवायत असेल, तर पैसे वाया.

केंद्रात जाऊन विचारा: नोंदणी आहे का, डॉक्टर किती वेळा येतात, फोन करू देतात का, घरच्यांना बोलावतात का. मारहाण, साखळी दिसली तर तिथूनच परत फिरा; २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी आहे. रात्री गाडी पाठवून 'उचलून नेतो' म्हणणाऱ्यांपासूनही सावध. त्याला न सांगता जेवणात मिसळायच्या पुड्या तर अजिबात नकोत. त्यात डायसल्फिराम (दारूसोबत गेलं की त्रास देणारं औषध) निघालं आणि तो वर प्याला, तर रक्तदाब कोसळू शकतो.

नोकरी सोडता येत नसेल, त्रास फार नसेल आणि त्याची स्वतःची तयारी असेल, तर बाह्यरुग्ण औषधं आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच गटाच्या मीटिंगा. मीटिंगला फी नाही, संध्याकाळची शिफ्ट सांभाळून जाता येतं. एकट्या मीटिंगवर थरथरणाऱ्या माणसाला मात्र सोडू नका.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन. आणि तो 'मला काही झालेलं नाही' म्हणून बसला असेल, तर तुम्ही अल-अॅनॉनला जा. त्या मीटिंगा घरच्यांसाठीच असतात, त्याच्या होकाराची वाट बघायला लागत नाही.