पावती अडते कुठे? एफट्रेससोबत आठ महिने

दिवाळीनंतर कपाशीच्या गाड्या सुरू झाल्या आणि धरणगावकडच्या एका जिनिंगमधून रोज फोन यायला लागला, "भाऊ, काटा बंद पडना." काटा बंद नसायचाच. वजन पडद्यावर दिसायचं. पावती तेवढी कधी लगेच निघायची, तर कधी सहा-सात सेकंद अडायची. मागे ट्रॅक्टरची रांग असली की सात सेकंदांत भरपूर शिव्या बसतात. त्या काट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो, त्यामुळे शिव्या माझ्याच.

काट्याच्या केबिनमधला पीसी लिनक्सवर चालतो. फिरती हार्ड डिस्क, त्यावर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टम, आणि नोंदी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये. एसट्रेस (प्रोग्राम कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, काय काय मागतो ते दाखवणारं अवजार) लावून एवढं कळलं की वेळ एफडेटासिंकमध्ये, म्हणजे लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरवायच्या मागणीत, जातोय. म्हणजे प्रोग्राम कर्नलच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि दाराच्या आत एसट्रेसला दिसत नाही. तिथून एफट्रेस हातात घेतलं; कर्नलच्या आत कोणती फंक्शनं चालली ते नोंदवणारं हे अवजार. आता जून उजाडलाय, तर अनुभव लिहून ठेवतो.

पहिली आवडलेली गोष्ट: काही इन्स्टॉल करावं लागत नाही. स्टीव्हन रोस्टेड यांचं हे काम २००८ मध्ये, २.६.२७ आवृत्तीत कर्नलमध्ये आलं आणि नेहमीच्या वितरणांत ते सहसा चालूच असतं. केबिनमध्ये इंटरनेट म्हणजे मुनीमजींच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. तिथे बीपीएफट्रेससारखं दुसरं ट्रेसिंग अवजार आणि त्याचा गोतावळा उतरवत बसण्यापेक्षा सिस-कर्नल-ट्रेसिंग फोल्डरमधल्या फाइलींत इको कमांडने लिहिणं सोपं. ट्रेसर म्हणून फंक्शन_ग्राफ लिहायचं, सेट_ग्राफ_फंक्शनमध्ये ईएक्सटी४_सिंक_फाइल टाकायचं, झालं. कोणी कोणाला बोलावलं आणि किती वेळ घेतला, सगळं कंसांच्या उतरंडीत समोर येतं. वेळेच्या आकड्याआधी एक खूण असते: १० मायक्रोसेकंदांच्या वर अधिक, १००च्या वर उद्गारचिन्ह, आणि एक सेकंद ओलांडला की डॉलर. मला चक्क डॉलर दिसला, जेबीडी२_लॉग_वेट_कमिट या ओळीसमोर.

इथे मी दोन दिवस वाया घालवले. सेट_एफट्रेस_पीआयडीमध्ये काट्याच्या प्रोग्रामचाच पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) भरला होता, त्यामुळे दिसायचं ते फक्त त्याचं वाट पाहणं. जर्नल म्हणजे फाइल सिस्टमची बदलांची वही; तिच्यातली नोंद पक्की करणं, म्हणजे कमिट, तो स्वतः करतच नाही. ते करतो जेबीडी२ नावाचा कर्नलचा वेगळा थ्रेड, आणि आमचा प्रोग्राम त्याच्या नावाने झोपून राहतो. पीआयडीची चाळणी काढली आणि जेबीडी२_रन_स्टॅट्स हा ट्रेसपॉइंट (कर्नलमध्ये आधीच पेरलेली नोंदीची जागा) चालू केला, तेव्हा गाठ सुटली. प्रत्येक कमिटमागे तो एक ओळ देतो: किती मिलिसेकंद वाट, किती कुलूप, किती फ्लशिंग, किती लॉगिंग. पावती अडायची तेव्हा फ्लशिंगचा आकडा चार अंकी असायचा.

चोर निघाला सीसीटीव्ही. कोणीतरी दसऱ्याच्या सुमारास कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग त्याच पार्टिशनवर वळवलं होतं. ईएक्सटी४ मुळात ऑर्डर्ड पद्धतीने चालतं. एखाद्या फाइलीला नव्याने ब्लॉक दिले असतील तर त्यांतला डेटा आधी डिस्कवर जातो, मगच त्या व्यवहाराचं कमिट होतं. जर्नल सगळ्या पार्टिशनला मिळून एकच. त्यामुळे दोन ओळींची पावती लिहायला निघालेला प्रोग्राम व्हिडिओचे मेगाबाइट उतरेपर्यंत ताटकळायचा. शिवाय एसक्यूलाइट एका नोंदीसाठी एकापेक्षा जास्त वेळा सिंक मागतं. रेकॉर्डिंगला वेगळी डिस्क लावली, कारण पार्टिशन बदललं असतं तरी फिरतं डोकं एकच राहिलं असतं. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. कौतुकाचाही आला नाही, हे आपलं सांगून ठेवतो.

आता तक्रारी. ट्रेसपॉइंट फाइलीचं नाव सांगत नाही, डिव्हाइस ८,२ आणि इनोड क्रमांक (फाइलीचा अंतर्गत नंबर) सांगतो. मग फाइंडला -आयनम देऊन शोधत बसा. कंपायलरने एखादं छोटं स्टॅटिक फंक्शन दुसऱ्यात मुरवलं असेल, तर ते यादीतच येत नाही. सोर्समध्ये डोळ्यांसमोर असलेलं फंक्शन ट्रेसमध्ये गायब पाहून मी आधी स्वतःवरच शंका घेतली. बफर दर सीपीयूमागे मुळात दीड एमबीच्या आतच असतो. गाळणी न लावता सगळी फंक्शनं चालू केलीत, तर तुम्ही चहाचा घोट घेईपर्यंत हवा तो भाग पुसला जातो. आणि ट्रेस_पाइप वाचलं की वाचलेलं संपतं. एका खिडकीत ते चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत "ट्रेस रिकामा का?" म्हणून डोकं धरलं होतं.

सगळ्यात महाग पडलेली चूक माझी. ट्रेसिंग_ऑनमध्ये शून्य लिहिलं आणि बाइक काढून जळगावला आलो. संध्याकाळी फोन, पीसी मंद झाला. शून्य लिहिल्याने फक्त नोंद थांबते. फंक्शनांना अडकवलेले हुक तसेच राहतात आणि त्यांचा भार पडत राहतो. करंट_ट्रेसरमध्ये एनओपी (म्हणजे कोणताच ट्रेसर नको) लिहिलं तरच ते सुटतात. त्या दिवशी तर मी गाळणीही काढून टाकली होती.

ट्रेस-सीएमडी हे एफट्रेस चालवणारं अवजार मार्चमध्ये टाकलं. मोजणी संपली की तेच आवराआवर करतं, म्हणून आता इको कमी झालेत. रेकॉर्ड केलेली फाइल पेनड्राइव्हवर घरी आणून वाचता येते, हा मोठा फायदा. मे महिन्यात त्या पत्र्याच्या केबिनमध्ये पाच मिनिटं बसवत नाही.

नुसत्या "कोणतं सिस्टम कॉल अडतंय" एवढ्यासाठी एसट्रेसच घ्या. कर्नल कोसळत असेल किंवा मेमरी बिघडत असेल तर हे अवजार नव्हे. पण "अडलंय, पण कोणामुळे" असा प्रश्न असेल, तर मी आता सुरुवातच इथून करतो. यंदाच्या हंगामाआधी काट्याच्या पीसीला एसएसडी बसवायची आहे. मालक म्हणतात, दसऱ्याला बघू.