ऑक्टेव्हिया आरएस घ्यायची, तर प्लग-इन की पेट्रोल?

जर्मनीत स्थिरावलेल्या, घरात एक-दोन मुलं असलेल्या आणि गाडी चालवायची मनापासून हौस असलेल्या आपल्या मंडळींची शोधाशोध शेवटी स्कोडाच्या ऑक्टेव्हिया आरएस कॉम्बीपाशी (आरएस म्हणजे जोरकस आवृत्ती, कॉम्बी म्हणजे मागे लांब डिकीची) येऊन थांबते, असं मी बऱ्याचदा पाहिलं आहे. डिकी भरपूर, मागे ऐसपैस जागा, आणि ऑटोबानवर वेगमर्यादा संपल्याची पाटी दिसली की पाय दाबावासा वाटेल एवढा दम. 2020 मध्ये चौथी पिढी आली तेव्हा स्कोडाने पहिल्यांदाच आरएसमध्ये प्लग-इन हायब्रिड (केबलने चार्ज होणारी, वीज आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी) काढली आणि शेजारी पेट्रोलही चालू ठेवली. कागदावर दोन्ही 245 पीएसच्या (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती). 2024 च्या फेसलिफ्टमध्ये प्लग-इन आरएस गेली, पेट्रोल मात्र 265 पीएसची होऊन पुढे चालू राहिली. त्यामुळे हा प्रश्न आता वापरलेल्या गाड्या बघणाऱ्यांचा आहे. (डिझेल आरएसही मिळते, पण तिचा हिशेब निराळा. ती इथे घेत नाही.)

मी स्टुटगार्टला राहतो. प्लग-इन माझ्याकडे कंपनीची लीजची गाडी म्हणून होती, पेट्रोल आता स्वतःच्या पैशाने घेतलेली आहे. दोन्ही कॉम्बी, दोन्ही डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरच्या), रस्ते तेच, घरातली माणसंही तीच. मोजमापाची यंत्रं लावून केलेली ही तुलना नाही, रोजच्या वापरातून जे हाताला लागलं ते सांगतो.

पहिलं, कंपनीची गाडी मिळणार असेल तर निम्मा निर्णय आयकराने आधीच घेतलेला असतो. साध्या गाडीच्या मूळ किमतीचा 1 टक्का दरमहा तुमच्या करपात्र पगारात मिळवला जातो, पात्र प्लग-इनचा अर्धा टक्का. 45,000 युरोची गाडी धरली तर 450 च्या जागी 225. हा फरक दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीवर दिसतो, आणि त्यापुढे इंजिनाच्या आवाजाच्या गप्पा फिक्या पडतात. अशा वेळी प्लग-इन घेणाऱ्याला मी तरी नावं ठेवणार नाही. फक्त तिचं चार्जिंग मनावर घ्या. फ्राउनहोफर ही जर्मन संशोधन संस्था आणि स्वच्छ वाहतुकीवर काम करणारी आयसीसीटी यांनी 2022 मध्ये युरोपातल्या प्लग-इन गाड्यांचा प्रत्यक्ष वापर तपासला. खासगी गाड्या 100 किलोमीटरला 4 ते 4.4 लिटर पेट्रोल पीत होत्या आणि कंपनीच्या 7.6 ते 8.4. गाड्या त्याच प्रकारच्या, पण इंधनाचं कार्ड कंपनीचं असलं की केबल पिशवीतून बाहेर येत नाही. म्हणजे बॅटरीचं ओझं वाहायचं आणि पेट्रोलही जाळायचं.

आता तिचे गुण, कारण ते खरे आहेत. स्टुटगार्ट वाडग्यासारख्या खोलगट जागेत वसलेलं आहे. घर वर, ऑफिस खाली, मध्ये वळणावळणाचा उतार आणि सकाळची रांग. या रांगेत प्लग-इन विजेवर इतकी अलगद सरकते की उजव्या पायाला काही काम उरत नाही. पेट्रोल आरएसची डीएसजी मुंगीच्या पावलांनी चालवताना जराशी अडखळते. क्लच धरू की सोडू असं तिचं होतं, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या मानेला ते कळतं. उतारावर हायब्रिड थोडी वीज परत गोळा करते. हिवाळ्यात तर तिचं एक सुख असं होतं की मला ते अजून आठवतं : निघायच्या आधी फोनवरून हीटर चालू करायचा, खाली येईपर्यंत काचेवरचा बर्फ वितळलेला, मुलांच्या सीट कोमट. पेट्रोलमध्ये मी काच खरवडतो.

शहरातल्या शहरात, विजेवर, प्लग-इन मला जास्त आवडली. हे स्पष्ट सांगायला हवं.

पण आरएस ही अक्षरं गाडीच्या पाठीवर उगाच नसतात. आपल्याकडे 2004 मध्ये पहिली ऑक्टेव्हिया आरएस आली तेव्हापासून, शेंद्र्यातल्या स्कोडाच्या कारखान्याकडे कौतुकाने बघणाऱ्या संभाजीनगर-पुण्याच्या हौशी पोरांच्या मनात या नावाची एक अपेक्षा आहे. घरच्या गाडीनं घाटात मजा द्यावी, ही ती अपेक्षा. इथला आमचा घाट म्हणजे म्युनिककडे जाणाऱ्या ए-8 महामार्गावरचा श्वेबिश आल्ब या डोंगररांगेचा चढ. बॅटरी भरलेली असेल तर प्लग-इन तिथे जोरकस चढते. 400 न्यूटन-मीटरचा टॉर्क एकदम मिळतो आणि पेट्रोलच्या 370 पेक्षा तो पायाखाली लवकर जाणवतो. पण बॅटरीचा साठा एकूण 13 युनिटचा. घोषित पल्ला साठेक किलोमीटरचा, आणि ऑटोबानवर वेगात तो झरझर आटतो. त्यानंतर 1.4 लिटरच्या 150 पीएस इंजिनाच्या जिवावर बरीचशी मदार येते, आणि गाडी पेट्रोल आरएसपेक्षा दीडशे किलोहून जास्त जड. चढाला ती दमते असं म्हणणार नाही, पण आवाज चढतो आणि वेग त्या मानाने चढत नाही. पेट्रोलच्या 2 लिटर इंजिनाला मात्र सकाळ काय आणि संध्याकाळ काय, दम तेवढाच.

वळणात फरक आणखी स्पष्ट होतो. पेट्रोल आरएसला पुढच्या चाकांसाठी इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल लॉक आहे, प्लग-इनला नाही. ओल्या वळणातून बाहेर पडताना पेट्रोल गाडी नाक आत ओढून घेते, हायब्रिड थोडी बाहेर रेलते. ब्रेकचंही तसंच. प्लग-इनमध्ये पेडल दाबल्यावर आधी मोटर वेग कमी करते, मग खरे ब्रेक लागतात. यांची सांधेजोड सरावाने अंगवळणी पडते, पण पेट्रोलच्या ब्रेकबद्दल मला कधी विचारच करावा लागला नाही. शून्य ते शंभरच्या आकड्यांत फार अर्थ नाही. 6.7 सेकंद आणि 7.3 सेकंद हा फरक घरच्या गाडीत कोणी मोजत नाही.

या सगळ्याशी मी जुळवून घेतलं असतं. निर्णय फिरला तो डिकीमुळे, आणि डिकीतल्या केबलमुळे.

पेट्रोल कॉम्बीची डिकी 640 लिटरची, प्लग-इनची 490. दीडशे लिटर हा आकडा वाचताना काही वाटत नाही, कारण सपाट तळ दोन्हीकडे चांगला मोठा दिसतो. गेलेली जागा तळाखालची आहे. पेट्रोल गाडीत तळाची फळी उचलली की खाली खोलगट जागा मिळते. जम्पर केबल, धोक्याचा त्रिकोण, मुलांचे चिखलाचे बूट, सगळं त्यात जातं. प्लग-इनमध्ये बॅटरी आणि सरकवलेल्या टाकीमुळे ती जागा उरत नाही, आणि नेमकी त्याच गाडीत ठेवायची वस्तू एक जास्त. जर्मनीतल्या रस्त्यावरच्या साध्या चार्जिंग खांबांना बहुधा नुसतं सॉकेट असतं, केबल आपली आपण आणायची. ही केबल बोटभर जाडीची, चार-पाच मीटर लांब, थंडीत कडक होऊन वेटोळ्यात न बसणारी. नोव्हेंबर ते मार्च ती फुटपाथवरच्या मीठ घातलेल्या चिखलात पडलेली असते. संध्याकाळी ती गुंडाळायची म्हणजे हात काळे. मग ठेवायची कुठे? डिकीत, कणकेच्या दहा किलोच्या पिशवीशेजारी, मुलाच्या ढकलगाडीच्या कापडाला टेकून. आणि शनिवारी किराणा भरून परत आलं की केबल नेमकी सगळ्याच्या खाली. ती काढायला आधी पिशव्या पावसात रस्त्यावर. बायकोने त्यासाठी झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणला. चांगला उपाय होता, पण त्या डब्याने उरलेल्या डिकीचा एक कोपरा कायमचा घेतला.

हा त्रास रोजचा का? कारण गाडी फक्त 3.6 किलोवॉटने चार्ज होते आणि तिला फास्ट चार्जिंग नाही. रिकामी बॅटरी भरायला साडेतीन तास लागतात, आणि एवढ्या वेळात मिळतं ते जेमतेम शहरातलं एका दिवसाचं जाणं-येणं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अनेक ठिकाणी चार तासांनंतर खांब अडवल्याचे वेगळे पैसे लागतात, म्हणून रात्री जेवण झाल्यावर जॅकेट चढवून गाडी हलवायला खाली जायचं. बाहेरची वीज घरच्या विजेपेक्षा चांगलीच महाग पडते, त्यामुळे पेट्रोलशी तुलना करता बचतही नावापुरतीच. डिसेंबर 2020 पासून जर्मनीत भाडेकरूला आपल्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय मागायचा कायदेशीर हक्क आहे. पण खर्च आपला, आणि घरमालक, बैठका, वायरमन यांच्या फेऱ्यात बराच काळ जातो. आमच्या इमारतीत तो फेरा लीज संपेपर्यंत संपला नाही.

तुमच्याकडे स्वतःचं गॅरेज असेल, भिंतीवर केबलसकटचा वॉलबॉक्स (घरचा चार्जर) असेल, तर वरचे दोन परिच्छेद तुमच्यासाठी जवळपास बाद. केबल भिंतीवरच राहते, रात्रीत बॅटरी भरते, ऑफिस पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत असेल तर पेट्रोल पंपाचं तोंड क्वचित बघावं लागतं. अशा घरात, मुलं ढकलगाडीच्या वयातून बाहेर पडलेली असतील तर, प्लग-इन कदाचित जास्त शहाणपणाची ठरेल. माझ्या एका मित्राची तशीच व्यवस्था आहे आणि तो गाडी बदलायचं नाव काढत नाही.

फोक्सवॅगन समूहातल्या नव्या प्लग-इन गाड्यांनी यातल्या काही तक्रारी दूर केल्या आहेत, हेही खरं. 2024 नंतरच्या गोल्फ जीटीई किंवा कुप्रा लिऑनमध्ये वापरता येणारी बॅटरी सुमारे 20 युनिटची आहे, पल्ला शंभरी ओलांडतो आणि फास्ट चार्जिंगही आहे. रोजची केबल आठवड्यातून दोनदावर येईल. पण डिकीतली जागा याही गाड्यांत जाते, आणि वजन वाढतंच. ही अडचण स्वस्त-महाग कुठल्याच गाडीला चुकत नाही. नवी एम-5 बघा. बीएमडब्ल्यूने व्ही-8 च्या जोडीला मोटर आणि बॅटरी दिल्यावर ताकद 727 पीएस झाली आणि वजन 2.4 टनांच्या वर गेलं. स्कोडाने तर आरएसपुरता प्लग-इनचा नाद सोडलाच. 2025 मध्ये भारतात मोजून 100 आरएस आणल्या, त्याही पेट्रोलच.

म्हणून माझा कौल, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि स्वतःच्या पैशाने गाडी घेणाऱ्या माणसासाठी, पेट्रोलकडे झुकतो. शहरात ती अडखळते, महिन्याचा पेट्रोलचा खर्च टोचतो, थंडीत काच खरवडावी लागते. पण इटलीतल्या गार्डा सरोवराला जाताना सगळं सामान एकदाच भरलं जातं. टाकीही 40 ऐवजी 50 लिटरची असल्याने एखादा थांबा वाचतो, आणि आल्बच्या चढावर मागे सगळे झोपलेले असताना मला पुरेपूर मजा येते.

वापरलेली प्लग-इन बघायला गेलात तर एक गोष्ट जरूर करा. चार्जिंगची केबल मागून घ्या. ती कोरी करकरीत, प्लॅस्टिकच्या वेष्टनात असेल, तर समजा की त्या गाडीचे सगळे किलोमीटर त्या 1.4 इंजिनाने काढले आहेत. किंमत तशी बोला. आणि पेट्रोल बघत असाल तर पुढच्या टायरची झीज आधी पाहा. या गाडीचे मालक वळणात फारसे मवाळ नसतात.