सायकोपाय: मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी कितपत कामाचं?

स्ट्रूपच्या प्रयोगात रंगाचं नाव लिहिलेलं असतं, पण सांगायचा असतो तो शाईचा रंग. स्टॉपवॉच आणि छापील कार्डांवर हा प्रयोग घेतला, की हाती फक्त अख्ख्या कार्डाला लागलेला एकूण वेळ येतो. प्रयुक्त, म्हणजे प्रयोगात भाग घेणारा, कुठल्या शब्दापाशी अडखळला, चूक सुधारण्यात किती वेळ गेला, हे त्यात कळत नाही. सायकोपाय प्रत्येक उद्दीपकाचा, म्हणजे दाखवलेल्या प्रत्येक शब्दाचा, प्रतिसाद आणि प्रतिक्रियाकाल स्वतंत्र नोंदवतं. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जॉनथन पीअर्स यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत, मुक्तस्रोत आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेवर उभं आहे. पदवीच्या प्रयोगांसाठी मात्र पायथन यायलाच हवं असं नाही. बिल्डर नावाच्या भागात माऊसने प्रयोग रचता येतो.

सुरुवात नव्या फोल्डरने करावी. प्रयोगाची फाईल आधी तिथे सेव्ह करायची, मग त्याच फोल्डरमध्ये एक्सेलची कंडिशन्स फाईल, म्हणजे प्रत्येक चाचणीत काय दाखवायचं याची यादी, ठेवायची. ती दुसरीकडे राहिली, तर कॉलेजच्या संगणकावर प्रयोग सुरूच होत नाही. रकान्यांच्या नावांत मोकळी जागा नको आणि नाव आकड्याने सुरू होता कामा नये. शब्द, शाईचा रंग आणि बरोबर उत्तराची कळ असे तीन रकाने स्ट्रूपला पुरतात. चौथ्यात सुसंगत (शब्द आणि शाईचा रंग एकच) की विसंगत (दोन्ही वेगळे) हे लिहिलं की पुढचं विश्लेषण सोपं होतं.

इथेच सायकोपाय विद्यार्थ्याला विचार करायला लावतं. चार शब्द आणि चार रंग यांच्या 16 जोड्या होतात, पण त्यांत सुसंगत चारच आणि विसंगत 12. तशाच वापरल्या तर विसंगती हाच नियम होऊन बसतो आणि प्रयुक्त तिला सरावतो. म्हणून प्रत्येक सुसंगत जोडी तीनदा लिहून 24 ओळी कराव्यात. लूपमध्ये, म्हणजे या ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागात, चार आवर्तनं दिली की 96 चाचण्या होतात. ‘रँडम’ निवडल्यास प्रत्येक आवर्तनात 24 ओळी स्वतंत्र पिसल्या जातात. ‘फुल रँडम’ सगळ्या 96 एकत्र पिसतं. पहिला पर्याय बरा, दोन्ही प्रकार सत्रभर सारखे पसरतात.

सर्वाधिक अडकायला होतं ते एका छोट्या सेटिंगवर. मजकुराच्या चौकटीत रकान्याच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह हवं आणि शेजारी ‘कॉन्स्टंट’ऐवजी ‘सेट एव्हरी रिपीट’ हवं. चिन्ह राहिलं तर पडद्यावर शब्दाऐवजी रकान्याचं नावच दिसतं. रंग आणि बरोबर उत्तर यांनाही हीच काळजी. शब्दाचा कालावधी रिकामा ठेवला की तो कळ दाबेपर्यंत राहतो. देवनागरी शब्द वापरणार असाल तर जोडाक्षरं नीट उमटतात का ते आधी पाहा. बिघडत असतील तर शब्दांची चित्रं करून घाला.

वेळेच्या अचूकतेबद्दल गैरसमज फार आहेत. 60 हर्ट्झचा पडदा दर 16.7 मिलिसेकंदांनी ताजा होतो, त्यामुळे 40 मिलिसेकंदांचा उद्दीपक त्यावर दाखवताच येत नाही; 33.3 किंवा 50. अशा वेळी कालावधी सेकंदांऐवजी फ्रेममध्ये, म्हणजे पडदा किती वेळा ताजा होईल त्या संख्येत, द्यावा. साधा कीबोर्डही थोडा उशीर करतो. स्ट्रूपमध्ये एकाच प्रयुक्ताच्या दोन स्थितींतला फरक घेतला जातो, म्हणून हा उशीर बहुतांशी वजा होतो. पण दोन गट वेगवेगळ्या संगणकांवर बसवले, तर यंत्रांतला फरक माणसांतला वाटू शकतो.

निकालाची सीएसव्ही फाईल ‘डेटा’ फोल्डरमध्ये मिळते. प्रतिक्रियाकाल त्यात सेकंदांत असतो, 0.642 म्हणजे 642 मिलिसेकंद. बरोबर प्रतिसादापुढे 1 येतो, चुकीच्यापुढे 0. चुकीचे प्रतिसाद आणि 200 मिलिसेकंदांहून जलद आलेले, म्हणजे न वाचताच दाबलेले, वगळावेत. मग प्रत्येक प्रयुक्ताची दोन्ही स्थितींची सरासरी काढून जोडीची टी-चाचणी, म्हणजे त्याच माणसांच्या दोन सरासरींतला फरक तपासणारी चाचणी, लावावी. सगळ्या प्रयुक्तांच्या सगळ्या ओळी सरसकट टी-चाचणीत घालणं चूक आहे. एकाच माणसाचे 96 प्रतिसाद म्हणजे 96 माणसं नव्हेत. ही चाचणी सायकोपाय करून देत नाही, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

प्रश्नावली भरून घ्यायची असेल तर याच्या वाटेला जाऊ नये, साधा ऑनलाइन फॉर्म पुरतो. प्रयोग ब्राउझरवर चालवायचा तर पाव्हलोव्हिया ही जोडसेवा आहे, पण माहिती गोळा करायला तिथे पैसे मोजावे लागतात. प्रकल्प चालू असताना आवृत्ती मात्र बदलू नका. प्रयोगाच्या सेटिंगमध्ये आवृत्ती ठरवून ठेवायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी वापरा.